खाटेजवळ उभं राहणारं माणूस : डॉक्टरांच्या सहायकांचा इतिहास



घरातलं माणूस दवाखान्यात ॲडमिट केलं की आपण सगळ्यात आधी विचारतो, "मोठे डॉक्टर कधी येणार?" मोठे डॉक्टर सकाळी राऊंडला येतात. प्रत्येक खाटेपाशी दोन-पाच मिनिटं थांबतात, केसपेपरवर लिहितात आणि ओपीडीला नाहीतर ऑपरेशनला जातात. जमलं तर संध्याकाळी आणखी एक चक्कर होते. मग बाकीच्या वेळात ताप चढला, लघवी कमी झाली, रक्ताचा रिपोर्ट आला, रात्री दोन वाजता दम लागला, तर ते बघतं कोण?

बघणारं कोणीतरी असतंच. अंगात पांढरा कोट असतो, गळ्यात स्टेथोस्कोप असतो. आपण त्यांना डॉक्टरच म्हणतो आणि गप्प राहतो. कधी ते एमबीबीएस झालेले असतात, कधी आयुर्वेदाची किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेले असतात, कधी शिकाऊ असतात. अलीकडे मोठ्या शहरांतल्या हॉस्पिटलात आणखी एक हुद्दा ऐकू येतो, फिजिशियन असिस्टंट. हे डॉक्टरांचे शिकलेले सहायक. ते डॉक्टर नव्हेत आणि नर्सही नव्हेत. औषधं बांधून देणारे कंपाउंडर तर नव्हेतच.

आमच्या गटांमधून अंतर्गत कर्ज उचललं जातं त्यात दवाखान्याचं कारण पुन्हा पुन्हा येतं. कर्ज काढणारी बाई, पेशंटच्या उशाशी बसणारी बाई आणि घरी परत नेल्यावर औषधपाणी करणारी बाई बहुतेक वेळा एकच असते. म्हणून या हुद्द्याचा इतिहास आपल्याला ठाऊक असावा, असं आम्हाला वाटलं. हा इतिहास सुरू होतो अमेरिकेत, आणि त्याच्या पहिल्याच पानावर एक नर्सबाई आहेत.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात डरहम नावाचं शहर आहे. तिथल्या ड्यूक विद्यापीठाच्या हॉस्पिटलात डॉ. यूजीन स्टेड हे मेडिसिन विभागाचे प्रमुख होते. १९५० नंतरच्या त्या दशकात वैद्यकशास्त्र झपाट्याने वाढत होतं. नवी औषधं आली, नवी यंत्रं आली, हृदयविकाराच्या पेशंटवर रात्रंदिवस नजर ठेवायची गरज पडू लागली. काम वाढलं, पण डॉक्टर त्या मानाने वाढले नाहीत. खेड्यापाड्यांत तर डॉक्टर मिळणं जास्तच अवघड झालं.

ड्यूकमध्येच थेल्मा इंगल्स नावाच्या नर्सिंगच्या प्राध्यापिका होत्या. १९५७ च्या सुमारास त्या स्टेड यांच्याबरोबर वॉर्डात राहून शिकल्या. पेशंटची सगळी हकीकत कशी विचारायची, तपासणी कशी करायची, आजाराचा अंदाज कसा बांधायचा, हे त्यांनी डॉक्टरांच्या बरोबरीने केलं. मग दोघांनी मिळून अनुभवी नर्सेससाठी एक वरच्या दर्जाचा अभ्यासक्रम बांधला. त्यातून तयार होणारी नर्स वॉर्डातली बरीच जोखमीची कामं स्वतः सांभाळू शकली असती.

पण अमेरिकेत नर्सिंगच्या शिक्षणाला मान्यता देणारी जी राष्ट्रीय संस्था होती, तिने या अभ्यासक्रमाला मान्यता नाकारली. डॉक्टरांची कामं नर्सने करणं त्यांना पसंत नव्हतं, शिकवायला डॉक्टर असणंही त्यांना रुचलं नाही. नर्सिंगची स्वतःची ओळख पुसली जाईल, अशीही एक भीती त्यामागे असावी. ती भीती अगदीच पोकळ म्हणता येत नाही. पण परिणाम असा झाला की मान्यता नाही म्हटल्यावर तो प्रयोग पुढे चालला नाही, आणि जे काम शिकायला बाया तयार होत्या ते शिकायला स्टेड यांनी पुरुष शोधले.

ते पुरुष त्यांना नौदलात सापडले. अमेरिकेच्या नौदलात कोअरमन नावाचे जवान असत. लढाईत जखमी झालेल्यांचं रक्त थांबवणं, जखमा शिवणं, सलाईन लावणं ही कामं ते करत. नौकरी संपवून घरी आले की त्यांच्या या हुन्नराला बाहेर काही किंमत नसे. हॉस्पिटलात त्यांना वॉर्डबॉयचं काम मिळायचं. १९६५ साली ड्यूकमध्ये अशा चार माजी कोअरमनना घेऊन दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९६७ मध्ये त्यातले तिघं उत्तीर्ण झाले. ते जगातले पहिले फिजिशियन असिस्टंट. या पहिल्या तुकडीला शिकवणाऱ्यांत कॅथलीन आंद्रेओली नावाच्या एक नर्सच होत्या, हेही सांगायला हवं.

त्याच १९६५ साली आणखी दोन गोष्टी झाल्या. अमेरिकी सरकारने वृद्धांसाठी आणि गरिबांसाठी दवाखान्याचा खर्च उचलणाऱ्या मेडिकेअर आणि मेडिकेड या योजना आणल्या. आजवर जे लोक पैशाअभावी दवाखान्याची पायरी चढत नव्हते, ते येऊ लागले. आणि कोलोरॅडो राज्यात लोरेटा फोर्ड या नर्सने डॉ. हेन्री सिल्व्हर यांच्या साथीने नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम सुरू केला. म्हणजे एका दारातून अडवलेल्या नर्सेसनी दुसरं दार उघडलं. आज अमेरिकेतल्या वॉर्डांत फिजिशियन असिस्टंट आणि नर्स प्रॅक्टिशनर शेजारी शेजारी काम करताना दिसतात.

मग फिजिशियन असिस्टंटच्या अभ्यासक्रमात पहिली बाई कधी आली? तिचं नाव जॉईस निकल्स. ती कृष्णवर्णीय होती आणि ड्यूकच्या हॉस्पिटलात खालच्या श्रेणीची नर्स होती. काम करता करता तिने या माजी कोअरमनना शिकताना पाहिलं आणि आपणही हे करू शकतो असं तिला वाटलं. अमेरिकेच्या दक्षिण भागात तेव्हा गोऱ्या-काळ्यांचा भेद कायद्याने नुकताच संपला होता, मनातून संपला नव्हता. त्यात ती बाई, त्यात अभ्यासक्रम लष्करातून आलेल्या पुरुषांसाठी मांडलेला. तरी ती मागे हटली नाही. शिक्षण चालू असताना तिचं घर आगीत जळालं. सोबत शिकणाऱ्यांनी आणि हॉस्पिटलातल्या लोकांनी तिला उभं राहायला मदत केली. १९७० साली ती उत्तीर्ण झाली आणि पुढे खेड्यातल्या गरिबांच्या दवाखान्यात काम करू लागली. आज अमेरिकेत दीड लाखाहून जास्त फिजिशियन असिस्टंट आहेत आणि त्यांत साधारण तिघांमागे दोघी बाया आहेत.

सुरुवातीला लोकांची कल्पना अशी होती की हे सहायक खेड्यातल्या एकट्या डॉक्टरच्या हाताखाली जातील. तसे बरेच गेलेही. पण मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डांत त्यांची गरज निराळ्याच कारणाने वाढली. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात माँटेफिओरे नावाचं मोठं हॉस्पिटल आहे. तिथल्या सर्जरी विभागाला शिकाऊ डॉक्टर पुरत नव्हते. १९७१ साली त्यांनी फिजिशियन असिस्टंटना सर्जरीच्या वॉर्डाचं पुढचं शिक्षण द्यायला आणि शिकाऊ डॉक्टरांची वॉर्डातली कामं त्यांच्याकडे सोपवायला सुरुवात केली.

इथे शिकाऊ डॉक्टरांची पद्धत समजून घेऊ. तिकडेही आणि आपल्याकडेही मोठी हॉस्पिटलं चालतात ती निवासी डॉक्टरांच्या जिवावर. एमबीबीएस करून पुढचं शिकणारी ही तरुण मुलं-मुली छत्तीस छत्तीस तास न झोपता ड्युटी करतात. त्याचा त्रास त्यांना होतो आणि पेशंटलाही होतो, हे सगळ्यांना माहीत होतं. पण १९८४ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन नावाच्या १८ वर्षांच्या कॉलेजकन्येला ताप आणि अंगाची थरथर म्हणून रात्री ॲडमिट केलं आणि सकाळ व्हायच्या आत ती गेली. रात्री तिला पाहणारे दोघंही शिकाऊ डॉक्टर होते. त्यांतल्या पहिल्या वर्षाच्या डॉक्टरकडे चाळीसेक पेशंट होते. मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं होतं, ते स्वतः आले नव्हते. ती नेमकी कशाने गेली यावर कोर्टात वर्षानुवर्षं वाद झाला. तिचे वडील पत्रकार होते. त्यांनी प्रश्न लावून धरला तो असा, की न झोपलेल्या आणि नवशिक्या माणसाच्या हाती अख्खा वॉर्ड देऊन मोठी माणसं घरी कशी जातात?

सरकारने समिती नेमली. १९८९ पासून न्यूयॉर्क राज्यात नियम आला की शिकाऊ डॉक्टरला आठवड्याला सरासरी ८० तासांपेक्षा जास्त काम द्यायचं नाही आणि अनुभवी डॉक्टरची देखरेख असली पाहिजे. २००३ पासून ८० तासांची मर्यादा सगळ्या अमेरिकेतल्या शिकाऊ डॉक्टरांना लागू झाली. डॉक्टरांचे तास कमी झाले, पण पेशंट काही कमी झाले नाहीत. ती पोकळी भरायला हॉस्पिटलांनी मोठ्या संख्येने फिजिशियन असिस्टंट आणि नर्स प्रॅक्टिशनर वॉर्डांत आणले.

वॉर्डात ते करतात काय? पेशंट आला की सगळी हकीकत विचारून लिहितात आणि तपासतात. सकाळी राऊंडच्या आधी प्रत्येक खाटेची रात्रीची माहिती गोळा करतात. कोणाचा रिपोर्ट आला, कोणाचं पोटॅशियम कमी झालं, कोणाची नळी काढायची, कोणाला उठवून चालवायचं, हे डॉक्टरांसमोर मांडतात. ठरलेले उपचार लिहून देतात, जखमेचं ड्रेसिंग बघतात, टाके काढतात, ऑपरेशनला हाताखाली उभे राहतात. घरच्यांशी बोलतात. घरी सोडताना डिस्चार्जचा कागद तयार करतात आणि कोणती गोळी बंद, कोणती चालू, हे समजावतात. अमेरिकेत त्यांना औषधं लिहून द्यायचाही अधिकार आहे. त्यासाठी साधारण सव्वादोन वर्षांचं पदवीनंतरचं शिक्षण, त्यात वेगवेगळ्या वॉर्डांमधलं प्रत्यक्ष काम, मग राष्ट्रीय परीक्षा, आणि पुढेही ठरावीक काळाने ज्ञान ताजं असल्याचा पुरावा द्यावा लागतो.

यात पेशंटचा मोठा फायदा असा, की शिकाऊ डॉक्टर दर काही महिन्यांनी विभाग बदलतात, पण हा माणूस त्याच वॉर्डात वर्षानुवर्षं राहतो. वॉर्डाची रीत, मोठ्या डॉक्टरांची पद्धत, यंत्र कुठे आहे, बिघडतं कधी, हे त्याला ठाऊक असतं. पेशंटमधला बारीक फरक त्याच्या लवकर लक्षात येतो. आणि मोठ्या डॉक्टरांना नेमकं कोणत्या क्षणी उठवायचं हे कळणं, ही त्याच्या कामातली सगळ्यात मोठी अक्कल समजली जाते.

आता आपल्या देशाकडे वळू. कारण असा मधला माणूस आपल्याकडे आधीही होता. इंग्रजांच्या काळात सरकारी आणि लष्करी दवाखान्यांत हॉस्पिटल असिस्टंट नावाचाच हुद्दा होता. पुढे त्यांना सब-असिस्टंट सर्जन म्हणू लागले. त्यांना शिकवायला मेडिकल कॉलेजांपेक्षा कमी मुदतीच्या मेडिकल शाळा होत्या. पुण्याचं बी. जे. मेडिकल कॉलेज आधी अशीच शाळा होती, तिचं कॉलेज झालं १९४६ मध्ये. या शाळांतून शिकलेल्यांना लायसेन्शिएट म्हणत. आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात 'एलसीपीएस डॉक्टर' हा शब्द असायचा, तेही याच पंगतीतले. ते पुढे स्वतंत्र दवाखाने चालवत, म्हणजे आजच्या फिजिशियन असिस्टंटपेक्षा त्यांचा अधिकार मोठा होता.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. तेव्हा देशात साडेसत्तेचाळीस हजारांच्या आसपास नोंदलेले डॉक्टर होते आणि त्यांतले जवळजवळ तीस हजार लायसेन्शिएट होते. समितीने म्हटलं की यापुढे एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर तयार करावा आणि कमी मुदतीचं शिक्षण बंद करावं. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर का, हा त्यामागचा विचार चांगला होता. समितीतल्या काही सदस्यांचं मत मात्र वेगळं होतं. देशाची गरज इतकी मोठी आहे की हे शिक्षण एवढ्यात बंद करू नये, असं ते म्हणत होते. शेवटी मेडिकल शाळा बंद झाल्या किंवा त्यांची कॉलेजं झाली.

मधला हुद्दा कागदावरून गेला, पण मधलं काम गेलं नाही. तालुक्याच्या खाजगी हॉस्पिटलात रात्रीची ड्युटी कोणाला तरी करावीच लागते. आज ती बहुतेक ठिकाणी आयुर्वेद किंवा होमिओपॅथी शिकलेले तरुण डॉक्टर करतात. त्यांच्यात खूप कष्टाळू आणि हुशार मुलं-मुली आहेत, हे आम्ही पाहतो. पण त्यांच्या पदवीचं शिक्षण एका पद्धतीचं आणि रात्री द्यायची औषधं दुसऱ्या पद्धतीची. वॉर्डातलं काम ते कोणाच्या हाताखाली, किती महिने शिकले, हे प्रत्येक हॉस्पिटलच्या मर्जीवर राहतं. त्यांचा पगार आणि सुटीही तशीच.

फिजिशियन असिस्टंट या नावाचं शिक्षण भारतात १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू झालं. ते सुरू करणारे डॉ. के. एम. चेरियन हे नामवंत हृदयशल्यचिकित्सक होते. हृदयाच्या ऑपरेशनला हाताखाली तयार माणसं हवीत आणि ऑपरेशननंतर आयसीयूत पेशंटवर बारीक नजर हवी, ही त्यांची गरज होती. पुढे देशात इतर ठिकाणीही असे अभ्यासक्रम निघाले. पण बरीच वर्षं या लोकांची नोंद ठेवणारा कायदा नव्हता. २०२१ मध्ये संसदेने आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांसाठी कायदा केला आणि त्यात या व्यवसायाचंही नाव घातलं. शिक्षणाचा दर्जा ठरवणं आणि नावांची नोंदवही ठेवणं हे त्या कायद्याचं काम आहे. आपल्याकडे फिजिशियन असिस्टंटने डॉक्टरच्या देखरेखीखालीच काम करायचं असतं. बारावी विज्ञान झालेल्या आपल्या मुलींसाठी ही एक वाट आहे. फक्त प्रवेश घेण्याआधी संस्थेला कोणाची मान्यता आहे आणि प्रत्यक्ष वॉर्डात किती काम शिकवतात, हे नीट विचारून घ्यावं.

नावाचा घोळ किती महागात पडतो हे इंग्लंडमध्ये दिसलं. तिथे हे सहायक आले २००० नंतर, आणि त्यांना फिजिशियन असोसिएट म्हणायला लागले. असोसिएट म्हणजे सहकारी. पेशंटना वाटायचं की हे डॉक्टरच आहेत. आपल्याला पाहणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती हे काही कुटुंबांना माणूस गेल्यावर कळलं. त्यावर मोठा गदारोळ झाला. सरकारने प्राध्यापक गिलियन लेंग यांना चौकशी करायला सांगितलं. २०२५ च्या जुलैमध्ये त्यांचा अहवाल आला. हा हुद्दा बंद करा असं त्या म्हणाल्या नाहीत. नाव पुन्हा असिस्टंट करावं, कपडे आणि बिल्ला असा असावा की पेशंटला फरक कळेल, आणि ज्याच्या आजाराचं निदान झालेलं नाही अशा पेशंटला त्यांनी पहिल्यांदा एकट्याने पाहू नये, असं त्यांनी सुचवलं. गंमत बघा, अमेरिकेतल्या संघटनेने मात्र २०२१ साली असिस्टंट सोडून असोसिएट हे नाव घ्यायचं ठरवलं. साठ वर्षं अनुभव असलेल्या लोकांना असिस्टंट म्हणवून घेणं कमीपणाचं वाटतं, आणि पेशंटला मात्र समोरचं माणूस नेमकं कोण ते कळायला हवं. दोघांचंही खरं आहे. पण आजारी माणूस आडवा पडलेला असतो आणि त्याला विचारायची ताकद नसते, म्हणून आम्हाला पेशंटच्या बाजूने झुकतं माप द्यावंसं वाटतं.

मैत्रिणींनो, आपण गटात पाच हजारांचं कर्ज देताना तीन सह्या घेतो. सही कोणाची, जबाबदारी कोणाची, पैसे बुडाले तर कोणाला विचारायचं, हे ठरलेलं असतं. दवाखान्यात माणसाचा जीव ठेवताना मात्र आपण हे काहीच विचारत नाही. डॉक्टर रागावतील, पेशंटकडे बघणार नाहीत, अशी भीती वाटते. ती भीती आम्हालाही वाटते. म्हणून विचारायची पद्धत नीट ठेवावी.

रात्री कोणी तपासायला आलं की सरळ म्हणावं, "ताई, आपलं नाव काय? आपण इथे कोणत्या हुद्द्यावर आहात?" नाव कागदावर लिहून घ्यावं. मग विचारावं, "रात्री काही कमी-जास्त झालं तर आपण कोणत्या डॉक्टरांना कळवता? आम्ही कोणाला सांगायचं?" आणि औषध बदललं तर, "हे मोठ्या डॉक्टरांना माहीत आहे ना? केसपेपरवर लिहिलंय ना?" एवढं विचारण्यात भांडण नाही. चांगलं काम करणाऱ्या माणसाला असं विचारलेलं आवडतं, कारण मग त्याचंही नाव राहतं. जो सहायक आहे त्याने सहायक आहे असं सांगितलं म्हणून त्याचा मान कमी करू नये. "आम्हाला मोठेच डॉक्टर पाहिजेत" असा हट्ट करून त्याला हाकलूही नये. रात्री तुमच्या पेशंटची नाडी बघणारा तोच आहे.

येत्या महिन्याच्या बैठकीत हे प्रश्न प्रत्येक गटाने आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्यावेत, असं आम्ही सुचवतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी पाठ करावेत. ज्या गावातली मुलगी नर्सिंगला किंवा अशा अभ्यासक्रमाला गेली असेल, तिला बैठकीला बोलवावं आणि वॉर्डात रात्री काय काय चालतं ते तिच्या तोंडून ऐकावं. तिच्याकडे आपल्याला सांगण्यासारखं पुष्कळ असेल.